मदत किती, यापेक्षा मदत कधी? इथिओपियाच्या एका कार्यक्रमातून शिकायच्या गोष्टी



ग्रामीण उपजीविका आणि हवामान बदल या विषयावर पीएचडी करायची इच्छा असलेले बरेच जण पहिलं प्रपोजल लिहितात ते साधारण एकाच साच्यात: 'अमुक योजनेचा तमुक जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर झालेला परिणाम'. यात योजना म्हणजे एक बंद डबा असतो. एका बाजूने पैसे आत गेले, दुसऱ्या बाजूने परिणाम बाहेर आला. मधे काय झालं, यादी कोणी केली, पैसे कोणत्या महिन्यात आले, काम कुठे काढलं, हे सगळं 'व्यवस्थापन' म्हणून एका कंटाळवाण्या प्रकरणात ढकललं जातं.

माझं म्हणणं असं की खरा संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या कंटाळवाण्या प्रकरणातच असतो. हे समजून घ्यायला इथिओपियाचा 'प्रॉडक्टिव्ह सेफ्टी नेट प्रोग्राम', म्हणजे पीएसएनपी, हे फार चांगलं उदाहरण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

२००५ पूर्वी इथिओपियात दरवर्षी एकच चक्र चालायचं. पाऊस फसला की अंदाज घ्यायचा, देणगीदार देशांना आवाहन करायचं, मग धान्याची जहाजं यायची. २००२-०३ च्या दुष्काळात सुमारे १ कोटी ३० लाख लोकांना अन्नमदत लागली. पण गंमत बघा (गंमत कसली, शोकांतिकाच): चांगल्या पावसाच्या वर्षीही लाखो घरं मदतीच्या रांगेत असायचीच. म्हणजे त्यांची भूक ही आपत्ती नव्हती, ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येणारी गोष्ट होती. जे आधीच माहीत आहे त्याला दरवर्षी 'आणीबाणी' म्हणायचं कशाला?

या प्रश्नातून २००५ मध्ये सरकार आणि देणगीदार संस्थांनी मिळून पीएसएनपी सुरू केला. काही वर्षांतच त्याचे लाभार्थी ७० लाखांच्या पुढे गेले.

डब्याच्या आत काय आहे?

इथिओपियात तालुक्यासारख्या घटकाला 'वोरेडा' आणि त्याखालच्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला 'केबेले' म्हणतात. सतत अन्नटंचाई असलेले वोरेडा आधी निवडले. नंतर कोणत्या घराला मदत द्यायची हे गावातल्याच समितीने ठरवायचं, आणि यादी मान्य नसेल तर तक्रारीसाठी वेगळी समिती.

ज्या घरात काम करणारे हात आहेत, त्यांना सार्वजनिक कामं: दगडी बांध, समतल चर, रस्ते, झाडं लावणं. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया यांना काम न करता थेट मदत. मूळ रचनेत प्रत्येक व्यक्तीमागे महिन्याला पाच दिवस काम आणि त्याबदल्यात १५ किलो धान्य किंवा तेवढे पैसे, असं वर्षातले सहा महिने. पाच माणसांच्या घराचा हिशोब केला तर महिन्याला ७५ किलो, सहा महिन्यांत साडेचार क्विंटल.

कामं साधारण जानेवारी ते जून या काळात ठेवली, कारण मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर आणि त्या वेळी माणूस स्वतःच्या शेतात हवा.

तारीख इतकी महत्त्वाची का?

समजा एका घराला मार्चमध्ये मिळायचं धान्य जूनमध्ये मिळालं. कागदावर काहीच बिघडलं नाही. साडेचार क्विंटल ठरलं होतं, साडेचार क्विंटल दिलं. अहवालात शंभर टक्के वाटप.

पण मार्च ते जून ते घर काय खात होतं? बहुधा त्यांनी शेळी विकली. आणि शेळी विकणारं ते एकटं घर नसतं. सगळं गाव एकाच वेळी जनावरं बाजारात आणतं, म्हणून जनावरांचे भाव पडतात. त्याच वेळी धान्याचे भाव चढलेले असतात. म्हणजे एका शेळीत मिळणारं धान्य नेमकं गरजेच्या वेळी कमी होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' मध्ये इथिओपियाच्याच १९७३ च्या वोलो दुष्काळाचा अभ्यास करताना पशुपालकांबाबत हाच मुद्दा मांडला होता. जूनमध्ये आलेलं धान्य पोट भरतं, पण गेलेली शेळी परत आणत नाही. पुढच्या वर्षी ते घर आणखी एक पायरी खाली असतं.

म्हणून पीएसएनपीच्या रचनेत एक तत्त्व मुद्दाम लिहिलं होतं: मदत आधी, बाकी सगळं नंतर. कामाचा आराखडा तयार नाही, अवजारं आली नाहीत, तरी लोकांचे पैसे अडवायचे नाहीत. तत्त्व चांगलं, पण सुरुवातीच्या वर्षांत प्रत्यक्षात मदत उशिरा आणि ठरल्यापेक्षा कमी पोचत होती. गिलिगन, हॉडिनॉट आणि टाफेसे यांच्या २००९ च्या अभ्यासात सरासरी परिणाम फारच थोडा दिसला. मात्र ज्या घरांना ठरलेल्या मदतीच्या निम्मी तरी मिळाली होती, त्यांच्या अन्नसुरक्षेत काही निकषांवर सुधारणा दिसली.

आता इथे थांबून विचार करा. फक्त सरासरी बघणारा म्हणेल, 'योजना फसली'. आतला डेटा बघणारा म्हणेल, 'योजना बऱ्याच घरांपर्यंत पुरती पोचलीच नव्हती'. दोन्ही निष्कर्षांतून सरकारला मिळणारा सल्ला अगदी उलटा आहे. पहिल्यात योजना बंद होते, दुसऱ्यात वाटप सुधारतं. तुमच्या एका टेबलवर कोणाच्या तरी सहा महिन्यांचं जेवण अवलंबून असू शकतं, ते असं.

परिणाम मोजायचा कसा?

पीएसएनपीत घरं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, सर्वांत गरीब बघून निवडली होती. त्यामुळे लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी यांची सरळ तुलना केली तर लाभार्थीच गरीब दिसणार. दवाखान्यात जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी असतात, म्हणून दवाखान्यामुळे आजार होतो असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे.

यावर एक उपाय म्हणजे जोड्या लावणं. जमीन, जनावरं, घरातली माणसं, कुटुंबप्रमुख या सगळ्या बाबतींत सारखी दिसणारी, पण यादीबाहेर राहिलेली घरं शोधायची आणि त्यांच्याशी तुलना करायची. याला प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग म्हणतात. मर्यादाही लक्षात ठेवा: जे मोजलंय त्यावरच जोडी लागते. समितीतल्या माणसाशी असलेले संबंध प्रश्नावलीत नसतात.

दुसरा उपाय जास्त हुशार आहे. सगळे लाभार्थीच घ्यायचे, पण कोणाला किती वर्षं मदत मिळाली हे बघायचं. औषधाचा डोस बदलून परिणाम बघतात तसं. बेरहाने आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात पाच वर्षं मदत मिळालेल्या घरांची अन्नसुरक्षा, एकच वर्ष मिळालेल्यांच्या तुलनेत, वर्षाकाठी १.२९ महिन्यांनी वाढलेली दिसली. आकडा छोटा वाटतो? वर्षातले सव्वा महिने पोटभर जेवण, असं वाचून बघा.

एक व्यावहारिक सूचना. इथिओपियाचं कॅलेंडर वेगळं आहे. तेरा महिने, आणि वर्ष आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठने मागे. डेटामध्ये '२०००' दिसलं तर ते सप्टेंबर २००७ ला सुरू झालेलं वर्ष असू शकतं. 'कोणत्या महिन्यात धान्य संपलं?' याचं उत्तर त्याच कॅलेंडरात येतं. आपल्याकडेही गावात आजी 'पोळ्याच्या आधी' किंवा 'आखाडात' असंच सांगते. ज्या अभ्यासात तारीखच मुख्य आहे, तिथे महिना चुकला तर सगळंच चुकलं.

मग हवामानाचं काय?

इथे तीन थर आहेत. पहिला थर म्हणजे कामं. बांध आणि चरांनी माती आणि पाणी धरून राहतं. पण डोंगरावर चराईबंदी केली तर पहिली काही वर्षं जनावरं न्यायची कुठे, हा प्रश्न गरिबालाच पडतो. फायदा उद्या आणि त्रास आज, याचं नियोजन नसेल तर बंदी टिकत नाही.

दुसरा थर म्हणजे राखीव निधी. वाईट वर्षी मदतीचे महिने आणि माणसं वाढवता यावीत म्हणून पैसा आधीच बाजूला ठेवायचा. २०११ च्या दुष्काळात याच यंत्रणेतून सुमारे ६५ लाख जुन्या लाभार्थ्यांना वाढीव मदत गेली आणि सुमारे ३१ लाख नवे लोक जोडले गेले. त्याच वर्षी शेजारच्या सोमालियात संयुक्त राष्ट्रांना दुर्भिक्ष जाहीर करावं लागलं. लगेच 'बघा, पीएसएनपीचा परिणाम!' असं मात्र लिहू नका. सोमालियात युद्ध चालू होतं. दोन देशांत एकच फरक असता तरच ती तुलना चालली असती.

तिसरा थर विमा. २००९ मध्ये टिग्रे प्रांतातल्या अदि हा गावात २०० घरांपासून एक प्रयोग सुरू झाला. रोख हप्ता परवडत नसलेल्या शेतकऱ्याने जास्तीचे दिवस काम करून हप्ता भरायचा. भरपाई शेतातलं नुकसान बघून नाही, उपग्रहाने मोजलेल्या पावसावरून. पंचनामा नाही म्हणून पैसे लवकर मिळतात. पण उपग्रहाच्या हिशोबात पाऊस पुरेसा आणि माझ्या शेतात मात्र कोरडं, असंही होऊ शकतं. आपल्याकडे हवामान केंद्र एका गावात आणि शेत दुसऱ्या गावात, यावरून होणारे विम्याचे वाद आठवा.

आणि या तिन्ही थरांच्या खाली एक गृहीतक आहे: शांतता. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत युद्ध पेटलं आणि बँका, रस्ते, फोन सगळंच ठप्प झालं. दुष्काळासाठी बांधलेली यंत्रणा युद्धात चालेलच असं नाही.

आपल्या रोहयोशी तुलना

१९७२ च्या दुष्काळातून बळ मिळालेली, वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच कुळातली. पण एक मूलभूत फरक आहे. रोहयोत मागेल त्याला काम, म्हणजे माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. पीएसएनपीत यादी. म्हणून रोहयोत विचारायचा प्रश्न 'मागूनही काम कोणाला मिळालं नाही?' आणि पीएसएनपीत 'यादीबाहेर कोण राहिलं?' २००५ च्या केंद्रीय कायद्यात मजुरी १५ दिवसांत देण्याची तरतूद आली, ती याच तारखेच्या मुद्द्यामुळे.

प्रपोजल लिहिण्याआधी

तुम्ही निवडलेल्या कोणत्याही योजनेबद्दल चार गोष्टी एका कागदावर लिहा:

१. ठरलेली मदत आणि प्रत्यक्ष मिळालेली मदत, दोन्ही वेगळ्या रकान्यांत.
२. ती कोणत्या महिन्यात मिळाली आणि त्या महिन्यात घरात धान्य होतं का.
३. घर यादीत आलं कसं, आणि त्याच्यासारखंच कोणतं घर राहून गेलं.
४. मदत येईपर्यंत त्या घराने काय विकलं, कोणाकडून उसनं घेतलं, कोण गाव सोडून कामाला गेलं.

चौथा रकाना सरकारी अहवालात मिळणार नाही. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं. पण शेळी विकली गेली की नाही, हे तिथेच कळतं.

शंका असतील तर जरूर विचारा. पुढच्या लेखात प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग एका छोट्या उदाहरणाने हाताने सोडवून बघू.