इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं

जुलै महिन्यांतील पावसाळी सकाळ. कचेरीस निघालेले गृहस्थ मोटारींत बसून किल्ली फिरवितात. इंजिन घरघरतें, फिरतें, परंतु पेट घेत नाहीं. पुन्हां किल्ली, पुन्हां घरघर. पांच मिनिटांत ती क्षीण होते आणि अखेर नुसता ‘टक्’ असा आवाज उरतो. मूळ दोष कदाचित् क्षुल्लक होता. त्यांत आतां बॅटरी उतरल्याची भर पडली.

‘गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाहीं,’ असें मिस्त्री म्हणतात तो हा प्रकार. इंजिन फिरविणें आणि इंजिन पेटविणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिलें पूर्वीं हातानें करीत. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट सरूं लागले. त्या कष्टांचा एक गुण मात्र होता. हँडल मारणारा दमला कीं थांबून विचार करी. किल्ली फिरविणारा दमत नाहीं, दमते ती बॅटरी!

इंजिन नेहमींच्या वेगानें फिरत असेल तर बॅटरी व स्टार्टर यांवर संशय घेण्याचें कारण नाहीं. तें रेंगाळत फिरत असेल तर मात्र बॅटरीच आधीं पाहावी, कारण तिचा दाब उतरला कीं ठिणगीही दुबळी होते. एरवीं पेट घेण्यास हवा, पेट्रोल, सिलिंडरमधील दाब आणि योग्य क्षणीं पडणारी ठिणगी एवढेंच लागतें. यांपैकीं काय हरवलें हें शोधावयाचें. काटा पाहून टाकींत पेट्रोल असल्याची खात्री आधीं करावी. हें सांगण्याची लाज वाटते, पण विसर याचाच पडतो.

कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली, मुंबईंत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. अशा कार्ब्युरेटरच्या गाडींत एकटा प्लग निम्मी हकीकत सांगतो. बरेंच सेल्फ मारूनही प्लगचें टोक कोरडें निघालें, तर पेट्रोल पोंचत नाहीं. तें ओलें असेल तर पेट्रोल येतें आहे. ठिणगी नाहीं, किंवा चोक फार वेळ ओढल्यानें इंजिन ‘ओव्हरफ्लो’ झालें आहे. मग प्लग पुसून वायरीला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवावा आणि दुसऱ्यास किल्ली फिरविण्यास सांगावें. निळी, कडकडीत ठिणगी दिसली पाहिजे. वायर उघड्या हातानें धरूं नये, प्लग त्याच्या भोंकापासून दूर ठेवावा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा करूंच नये. पावसाळ्यांत पुष्कळदां डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत ओल धरलेली असते; कोरड्या फडक्यानें पुसतांच गाडी चालू होते. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनला पेडल तळापर्यंत दाबून धरून सेल्फ द्यावा, पेडल खालवर करूं नये. कोणत्याही गाडींत एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये आणि मध्यें विसांवा द्यावा.

आजच्या संगणकनियंत्रित मोटारींत वायर काढून ठिणगी पाहण्याचा उद्योग नको. त्यानें महागडे भाग जळूं शकतात. येथें कानांनीं काम घ्यावें. पुष्कळ गाड्यांत किल्ली फिरवितांच मागच्या आसनाखालून दोनएक सेकंद पंपाची गुणगुण येते. ती नेहमीं येणारी गुणगुण आली नाहीं तर पंप किंवा त्याचा फ्यूज पाहावा. चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली लावून पाहावी. आणि इंजिन नेहमींपेक्षां हलकें, सपाट आवाजांत भरभर फिरूं लागलें तर तात्काळ थांबावें. टायमिंग बेल्ट तुटला असावा. कांहीं इंजिनांत अशा वेळीं पिस्टन झडपांवर आदळतो.

पाण्यांत बंद पडलेल्या मोटारीस तर किल्ली लावूंच नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य मोटारी बुडाल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; सिलिंडरमध्यें तें शिरलें असतां सेल्फ मारला कीं कनेक्टिंग रॉड वांकतो आणि सारें इंजिन उतरावें लागतें. अशी गाडी ढकलून अगर उचलून न्यावी, आणि मिस्त्र्यानें प्लग काढून आंतील पाणी बाहेर काढीपर्यंत किल्ली खिशांतच ठेवावी.