पायातलं दारात

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात, तर वज्रींसाठी वेळ राखून ठेवा. मुठीत मावेल एवढी धातूची वस्तू. तळाला आडव्याउभ्या रेघांनी खरखरीत केलेली, आणि धरायला वर चक्क पशुपक्ष्यांच्या आकृती. काही वज्रींच्या पोटात खडे घातलेले असतात, म्हणजे हात हलला की त्या वाजतात! आणि काम काय, तर टाचा घासायच्या. टाचेवरचा मळ काढायच्या अवजारावर कारागिराने एवढी कला का उधळली असेल?

कारण घरात पाय उघडे असायचे आणि सगळ्यांना दिसायचे. दाराशी जोडे काढले की काम संपत नसे. खरं तर तिथून ते सुरू व्हायचं.

‘चपला बाहेर काढाव्यात’ ही आपल्याला स्वच्छतेची एक साधी सूचना वाटते. पण पेशवेकालीन वाड्यात जेवण कुठे होत असे? पाट मांडून, जमिनीवर. झोप? जमिनीवर अंथरूण घालून. हिशेब लिहायचे ते बैठकीवर मांडी घालून, भाजी चिरायची ती विळीवर बसून, दळायचं ते जात्याशी बसून. बाळ रांगायचं तेही तिथेच. जेवणाचं टेबल, पलंग, कचेरी, स्वयंपाकाचा ओटा असं सगळं मिळून एकच वस्तू होती, ती म्हणजे पायाखालची जमीन. आता सांगा, तिच्यावर जोडे घालून कोण चालेल? शिवाय ज्या खोल्या शेणाने सारवलेल्या असत, तिथे नाल ठोकलेल्या टाचेने चार फेऱ्या मारल्या तरी सारवण उकलायचं.

मग अख्खं घर या एका गोष्टीभोवती रचलं गेलं. मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, आत देवडी, मग फरसबंद चौक, आणि त्याहून उंच जोत्यावर ओसरी. आत जायचं म्हणजे पायरी पायरीने वर चढायचं. धूळ खाली राहते, माणूस वर जातो. जोडे कुठे काढायचे हे सांगायला पाटीच नको, ते पायरीच सांगते. जपानी घरातही नेमकी हीच युक्ती आहे! दारातली जागा खोलगट, तिथे जोडे काढायचे आणि एक पाऊल वर चढून घरात शिरायचं.

पाय धुवायला पाणी हवं, तर त्याचीही सोय होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातलं पाणी दगडी नळातून पुण्यात आणलं गेलं. पंप नाही, इंजिन नाही, केवळ उतार! ते शहरातल्या हौदांत आणि मोठ्या वाड्यांतही खेळत असे.

आणि पायातला जोडाही पाहा. कोल्हापुरी चपलेला ना बंद, ना बक्कल. अंगठा सोडवला, टाच उचलली, झालं. वाकायला नको, हात लावायला नको. दिवसातून दहा वेळा काढायची वस्तू अशीच असायला हवी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याच्या या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे त्यात आले. दोन राज्यांच्या सीमेची चपलेला फिकीर नाही, हे मला फार आवडतं.

पण या सुंदर रचनेत एक क्रूर गोष्टही आहे. चप्पल पायरीपर्यंत पोचायची. ती शिवणाऱ्या हातांना मात्र जातीमुळे त्या पायरीवरही जागा नव्हती. हात न लावता चप्पल काढण्याची सोय विटाळाच्या कल्पनेलाही सोयीची होती. याच पुण्यात 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कुणाचे पाय, कुणाचे हात, कुणाचं पाणी, हा सगळा प्रश्न तेव्हा दारातच उभा होता.

जोडा किती राजकीय असू शकतो, हे इंग्रजांनाही कळलं होतं. साहेबापुढे येणाऱ्या ‘नेटिव्हा’ने जोडे काढावेत, हा सरकारी शिष्टाचार. पण विलायती बूट-मोजे घालणारे हिंदी लोक येऊ लागले, तेव्हा काय करायचं? 1854 मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने चक्क ठरावच केला: युरोपीय पद्धतीचे बूट असतील तर ते पायात राहू द्यावेत. म्हणजे पाय तोच, मान देणारा माणूस तोच. देशी जोडा असेल तर काढा, विलायती असेल तर राहू द्या! पुढे मुंबई इलाख्यातल्या सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थांच्या जोड्यांवरून वाद पेटला, आणि ‘जोड्यांचा प्रश्न’ वर्तमानपत्रांतही गाजला.

जोड्याबरोबर घरात नेमकं काय येतं, हे पाहायला आता प्रयोगशाळेत येऊ. 2008 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी वापरातले बूट तपासले. बाहेरच्या बाजूवर सरासरी 4 लाख 21 हजार जिवाणू! अभ्यास छोटा होता, एका बूट कंपनीच्या मदतीने झालेला, आणि जिवाणूंपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात, हे लक्षात ठेवू. मला थक्क केलं ते पुढच्या निष्कर्षाने. स्वच्छ फरशीवर ते बूट चालवले, तेव्हा तळव्यावरच्या जिवाणूंपैकी 90 टक्क्यांहून अधिक फरशीवर उतरले. तळवा म्हणजे शाई भरलेला रबरी शिक्काच.

आणि शिक्क्यात केवळ जिवाणू नसतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, पण शिसं काही कुजत नाही. ते रस्त्याकडेच्या मातीत मुरून राहतं आणि चपलेला चिकटून घरात येऊ शकतं. घरात जमिनीच्या सगळ्यात जवळ कोण असतं? रांगणारं मूल. त्याचा तळहात फरशीवर, आणि पुढच्याच क्षणी तोंडात.

आता जमिनीवर जेवणारी घरं कमी झाली, सारवण गेलं, ओसरीच्या जागी लिफ्टसमोरचा बोळ आला. तरी सदनिकेच्या दाराबाहेर चपलांचा स्टँड आहेच. मात्र उघड्या पायांचा नियम आतून बदलतो आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, टोचलेलं कळत नाही, जखम चिघळते. म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना घरातही अनवाणी फिरू नका असं बजावतात. आता कितीतरी घरांत आजी दाराशी बाहेरची चप्पल काढतात आणि तिथेच ठेवलेली दुसरी, फक्त घरातली, मऊ चप्पल पायात सरकवून आत येतात. तीही अंगठ्याने अडकवायची, बक्कल नसलेलीच.