ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा

वाफसा आला आणि नेमकी त्याच सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली निघाली, तर शेतकऱ्याचा हातचा दिवस जातो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत वाफसाही निघून जातो. भीमेकाठच्या राजगुरुनगर परिसरात, म्हणजे पूर्वीच्या खेडच्या आसपास, कांदा-बटाट्याच्या मशागतीला आता ट्रॅक्टर सर्रास वापरला जातो. मशागतीचे दिवस संपले की मात्र तो कित्येक आठवडे पडवीत उभा असतो. बॅटरी अकाली निकामी होण्याचे बीज पुष्कळदा या विश्रांतीतच असते.

शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम सिद्ध केली. तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येकातून सुमारे दोन व्होल्ट मिळतात. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होऊ लागली म्हणजे पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो व आम्ल पातळ होते. चार्जिंग केले म्हणजे तो थर पुन्हा विरघळतो. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर हा थर कठीण होतो आणि मग चार्जिंगनेही पुरता निघत नाही. वापर नसतानाही बॅटरी हळूहळू आपोआप उतरत असते, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करून घ्यावी. इंजिन दोन-चार मिनिटे चालवून हे काम साधत नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास दर पंधरवड्यास, उन्हाळ्यात त्याहून लवकर, पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडू देऊ नयेत. खुणेपर्यंतच पाणी भरावे. उष्णतेने व चार्जिंगने पाणी उडते, आम्ल उडत नाही. म्हणून वरून आम्ल कधीही घालू नये, केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. पागोळीचे पाणीही वापरू नये.

आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजता येते. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती साधारणतः १.२५० ते १.२८० असते. १.२०० च्या खाली गेल्यास बॅटरी त्वरित चार्ज करावी. पाच कप्पे सारखे आणि एकच फार खाली असेल, तर त्या कप्प्यात दोष समजावा. पाणी घातल्याबरोबर मात्र माप घेऊ नये.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी कप्प्यात जाऊ देऊ नये. कोरडे करून तारा घट्ट आवळाव्यात व वर व्हॅसलीन लावावे. तार सोडताना ऋण टोक आधी सोडावे व जोडताना ते शेवटी जोडावे. एरवी पान्ह्याचा स्पर्श होऊन ठिणगी उडण्याचा धोका असतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. तेव्हा जवळ विडी वा काडी पेटवू नये. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास तो भाग भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा; डोळ्यांस इजा झाल्यास डॉक्टरांकडे जावे.

निकामी बॅटरी घरी फोडू नये व शिसे वितळवू नये. शिसे विषारी आहे. त्याचा अपाय लहान मुलांस अधिक होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत मार्गाने परत करावयाची असते. नवी घेताना ती विक्रेत्याकडे द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मशागतीच्या हंगामापूर्वी एक हायड्रोमीटर घेऊन चार शेतकऱ्यांसमोर चार बॅटऱ्या तपासून दाखवाव्यात. उतरलेली बॅटरी त्या दिवशी सापडली, तर ती चार्ज करण्यास वेळ मिळतो. वाफशाच्या सकाळी सापडली, तर मिळत नाही.