कार्यवाहांनी फिरायला जावे काय?

चार मराठी माणसे जमली की संस्था निघते आणि पाचवा आला की ती फुटते, असा एक जुना विनोद आहे. आमच्या मुलुंडापुरता तो खरा नाही. येथे पाचवा आला की त्याला कार्यवाह करतात, आणि मग उरलेले चौघे सुखाने सदस्य म्हणून राहतात.

मध्य रेल्वेवर मुंबईचे शेवटचे स्टेशन आमचे, पुढे ठाणे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि खाडी, आणि या दोहोंच्या मध्ये जितक्या इमारती तितकी मंडळे. महाराष्ट्र सेवा संघासारखी मोठी, नावाजलेली संस्था येथे आहे; तशाच जिन्याखालच्या खोलीत सात कपाटांवर चालणाऱ्या आमच्यासारख्याही आहेत. संस्थेचे नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतीलच. गेली अकरा वर्षे मी तिचा खजिनदार आहे. वाचनालय, दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका आणि जानेवारीतली व्याख्यानमाला, एवढाच आमचा संसार.

हे चालवायला काय लागते, असे लोकांना वाटते. व्याख्यात्याला हार घातला की झाले! पण बरे का, हार घालणे हा यातला सर्वांत सोपा भाग. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आमची नोंदणी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट घेऊन वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे धाव, दरवर्षी हिशेबतपासनीस. वाचनालय सरकारमान्य, म्हणजे १९६७ चा ग्रंथालय कायदा आला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आले आणि अनुदानाची वाट पाहणेही आले. शिवाय अभ्यासिकेतला पंखा, ग्रंथपालबाईंची रजा आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर "उद्या वाचनालय उघडे आहे का?" असे विचारणारे वर्गणीदार! ही सगळी ओझी आमच्या येथे एकाच खांद्यावर होती. त्या खांद्याला आम्ही सारे अण्णा म्हणतो.

अण्णा चौदा वर्षे कार्यवाह. विमा कंपनीतून निवृत्त होताना त्यांनी ठरवले होते की ज्ञानेश्वरी सटीक वाचायची, तबला पुन्हा काढायचा आणि सकाळी मिठागर रस्त्याने तासभर फिरायचे. त्याच वर्षी आम्ही त्यांना कार्यवाह केले. संस्थेच्या तिन्ही किल्ल्या त्यांच्या जानव्याला नसत, एवढेच. बाकी त्या त्यांच्यापासून कधी दूर झाल्या नाहीत.

यंदा जानेवारीत, व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी, खुर्च्या मांडता मांडता अण्णा खाली बसले ते उठेनात. दवाखान्यात साखर पाहिली तर चारशेच्या घरात. डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलले : "आजोबा, तुमच्या संस्थेला दुसरा कार्यवाह मिळेल. वहिनींना दुसरे काही मिळायचे नाही." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून संस्थेच्या किल्ल्या काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

पुढच्या महिन्यात वाचनालयाची पुस्तकमोजणी निघाली. वर्गणीदारांची कार्डे चाळताना अण्णांचे कार्ड हाती आले. चौदा वर्षे ज्याने वाचनालय चालवले, त्याच्या नावावर गेल्या सहा वर्षांत एकही पुस्तक नव्हते. सहा वर्षांपूर्वी नेलेली ज्ञानेश्वरी मात्र अजून परत यायची होती. ती वहिनींनी दुसऱ्या दिवशी पाठवली. सहाव्या अध्यायात खूण म्हणून मंडपवाल्याचे बिल घातलेले होते!

यथावकाश कार्यकारिणीची सभा भरली आणि सर्वांच्या नजरा खजिनदाराकडे वळल्या. मी म्हटले, येतो. पण तिन्ही किल्ल्या माझ्याकडे ठेवणार नाही, साडेआठनंतर फोन घेणार नाही, आणि दोन वर्षांवर एक दिवस राहणार नाही. त्या दोन वर्षांत दुसरा माणूस तयार करायचा, हेही कामच समजायचे.

आमच्या सभेत एक काका आहेत. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीचा. ते कडाडले, "अटी घालून लग्ने होतात, खजिनदार! समाजकार्य नव्हे. गोखल्यांनी अटी घातल्या होत्या काय?"

गोखल्यांचे नाव काकांनीच काढले, ते बरे झाले. १९०१ ची काँग्रेस कलकत्त्याला झाली. तिच्यानंतर गांधीजी महिनाभर नामदार गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले होते. गोखल्यांचे अखंड काम पाहून ते दिपले. पण हा माणूस पायी फिरायला म्हणून जात नाही, हे काही त्यांना पटेना. त्यांनी तसे विचारलेही. गोखल्यांचे उत्तर असे की मला फिरायला मोकळा कधी पाहिलात? गांधीजींनी आदरापोटी वाद घातला नाही, मात्र आत्मकथेत लिहून ठेवले की काम कितीही असो, जेवणाला वेळ काढतो तसा व्यायामालाही काढलाच पाहिजे. पुढे १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. कायदेमंडळ होते, १९१२ पासून सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनचे अवाढव्य काम आले, आणि जोडीला मधुमेह. १९१५ च्या आरंभी गांधीजी पुण्याला आले, तेव्हा त्यांच्यासाठी ठेवलेल्या मेळाव्यातच गोखल्यांना भोवळ आली. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अवघे ४८.

आता, रोज फिरले असते तर गोखले शंभर वर्षे जगले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मधुमेहावर इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ साली. पण त्यांचेच एक सहकारी पाहा. टिळकांनी फर्ग्युसन सोडल्यावर गणिताला माणूस हवा होता, म्हणून १८९१ मध्ये गोखल्यांनी मुंबईहून ज्यांना बोलावून घेतले ते धोंडो केशव कर्वे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चालत गेलेला हा माणूस. हिंगण्याला आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा दिवसा कॉलेजात शिकवावे आणि संध्याकाळी सामान घेऊन चिखलातून हिंगण्याची वाट तुडवावी, हा क्रम. त्यांना व्यायामाला वेगळा वेळ काढावाच लागला नाही! पण माझ्या मते खरी मेख पायांत नाही. १९०८ मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला तो संस्थांना आजन्म वाहून घेणारी माणसे मिळावीत म्हणून. आपल्यामागे कोण, याची तजवीज त्यांनी पन्नाशीत केली. म्हणून तर एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते युरोप-अमेरिका-जपान पाहायला जाऊ शकले आणि बर्लिनला आइनस्टाइनना भेटून आले. परत येऊन १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले. १९६२ साली गेले तेव्हा १०४ वर्षांचे होते.

सभा शांत झाली. मला वाटले, जिंकलो. पण काकांचे वाचन माझ्याहून दांडगे. ते सावकाश म्हणाले, "आणि बायाबाई? कर्व्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. संसार कोणी ओढला? 'माझे पुराण' वाचा एकदा. अण्णासाहेब खुशाल चालत होते हो, घरात चूल कशी पेटते हे बाईंना विचारायचे."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. काकांनी ज्या बाजूने गोळी झाडली ती माझ्याच बाजूची होती, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नसावे. कार्यवाहाला पगार नसतो. तो दुसरेच कोणीतरी भरत असते, बहुधा स्वयंपाकघरातून. अण्णांच्या वहिनींनी चौदा वर्षे भरला. आमच्या घरी विचारले तेव्हा ही म्हणाली, "दोन वर्षे म्हणजे चोवीस महिने. मी कॅलेंडरवर खुणा करणार आहे." करते आहे.

ठराव एका मताने संमत झाला. काका तटस्थ राहिले. बँकेत आता दोघांच्या सह्या लागतात. एक किल्ली ग्रंथपालबाईंकडे, एक माझ्याकडे. पुढच्या व्याख्यानमालेचे दिवस सातावरून पाचावर आणले, त्यावर दोन वर्गणीदार रुसले आणि एका देणगीदाराने रक्कम निम्मी केली. हा तोटा खरा आहे. तो मी ताळेबंदात दाखवणार आहे. अण्णा सकाळी मिठागर रस्त्यावर, वझे-केळकर कॉलेजावरून, हळूहळू फेरी मारतात. ज्ञानेश्वरी पुन्हा त्यांच्या कार्डावर चढली आहे. या खेपेला मुदतवाढ मागायला ते स्वतः आले, आणि पंख्याचा आवाज होतो म्हणून पाच मिनिटे तक्रार करून गेले. मी लिहून घेतली.

तिसरी किल्ली तेवढी कोणी घेत नाही. एका मुलीला घ्यायची आहे, पण तिची लोकल आठ वीसला येते. तेव्हा वाचकांत कोणी मुलुंड पूर्वेचे असतील आणि त्यांना यावेसे वाटत असेल, तर सात ते साडेआठ या वेळात जरूर भेटावे. त्यानंतर मी फिरायला गेलेला असतो.