ढालकिड्याचा श्वास आणि आपले शिवार

डिसेंबरातील एका गारठलेल्या सकाळी वसतिगृहाच्या परसबागेत एका विद्यार्थ्याने वालाच्या पानावरून ढालकिडा उचलून तळहातावर ठेवला. लाल पाठ, काळे ठिपके, पाय आखडलेले. ‘‘सर, हा मेला का?’’ मी इतिहासाचा शिक्षक. तरी म्हणालो, ‘‘थोडे थांबू, मग ठरवू.’’ तळहाताच्या उबेने तो काही वेळात चालू लागला आणि पंख उघडून उडाला. ज्याला आम्ही मरण समजत होतो, ती केवळ मंदावलेली जीवनक्रिया होती.

माणसाचे शरीर थंडीतही आणि उन्हाळ्यातही सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखते. कीटकाला ही सोय नाही. भोवतालची हवा व ऊन यांप्रमाणे त्याचे शरीर गार वा उष्ण होते आणि अन्नापासून ऊर्जा मिळविणारी चयापचयाची क्रियाही त्यानुसार मंद वा जलद होते. सामान्यतः, सोसवेल त्या मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले, तर हा वेग दुप्पट ते तिप्पट होतो.

ढालकिड्याला फुप्फुसे नसतात. शरीराच्या दोन्ही बाजूंच्या सूक्ष्म श्वासरंध्रांतून हवा आत जाते आणि श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. गारठ्यात प्राणवायूची गरज अल्प असते. ऊब वाढली की ती गरज वाढते, श्वसन जलद होते आणि भूकही वाढते. म्हणूनच उबदार दिवशी ढालकिडा अधिक मावा फस्त करतो.

मात्र यालाही सीमा आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा श्वासासाठी उघडलेल्या रंध्रांतून शरीरातील पाणी उडून जाते आणि चयापचय घडविणारी विकरे निकामी होऊ लागतात. अशा वेळी सावली व ओलावा हाच त्याचा आधार असतो.

या ज्ञानाचा आपल्या शिवाराशी जवळचा संबंध आहे. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या ढालकिड्यांनी कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबाच्या बागा किडीपासून वाचविल्या, हा इतिहास आहे. आपल्याकडेही कपाशी व करडईवरील मावा तो खातो. बोंडअळीवर मात्र तो उपाय नव्हे. थंड सकाळी तो पानाआड निश्चल असतो. ‘मित्रकीटक नाहीत’ असे समजून आपण फवारणी करतो आणि गारठलेल्या त्या जिवाला उडून जाताही येत नाही. त्याची काळपट, नारिंगी ठिपक्यांची अळीही मावाच खाते; पण अनेकदा तिलाच कीड समजून मारले जाते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेणारे हात बहुधा आपल्याच घरांतले असतात. अनावश्यक ठरलेली प्रत्येक फवारणी त्या हातांवरील विष तेवढे कमी करते.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे. पंप भरण्यापूर्वी ऊन थोडे वर येऊ द्या. पाने उलटून पाहा. मावा किती आणि ढालकिडे व त्यांच्या अळ्या किती, हे मोजा. मगच निर्णय घ्या. त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत तो थांबला. शाळेत आम्ही शिकवितो ते याहून फार वेगळे नाही.