नावापुरता संचालक नसतो

आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याच्या आसपास, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या पट्ट्यात, तुरीचं पीक हाच वर्षाचा मोठा हिशोब. गुलबर्ग्याच्या, म्हणजे याच कलबुर्गीच्या, तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या पुढच्याच वर्षी केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली आणि गावोगाव कंपनीची भाषा सुरू झाली. कंपनी म्हटली की संचालक मंडळ आलं. उत्पादक कंपनीत संचालक किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा असतात. एरवी पंचायत आणि सोसायटीपलीकडे कधी सही न केलेली माणसं त्यामुळे कंपनी कायद्याच्या कक्षेत आली. या माणसांच्या ओळख-पडताळणीचे नियम 31 मार्च 2026 पासून बदलले आहेत. बदल चांगला आहे, पण त्याबद्दल जे कानावर येतं त्यातलं निम्मं चुकीचं आहे.

सर्वात जास्त ऐकू येतं ते असं: "आता केवायसी तीन वर्षांनी करायची, तोवर निवांत." यातला पहिला भाग बरोबर आहे. 2018 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने संचालकांची केवायसी सुरू केली, पुढे ती दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत करावी लागे. नव्या नियमात ती तीन आर्थिक वर्षांतून एकदा, 30 जूनपर्यंत करायची आहे. ज्यांची आजवरची केवायसी वेळेवर झालेली आहे, त्यांची पुढची मुदत 30 जून 2028 आहे. निवांत राहण्याचा भाग मात्र खोटा. मोबाइल नंबर, ईमेल किंवा राहता पत्ता बदलला, तर 30 दिवसांच्या आत तो मंत्रालयाच्या पोर्टलवर कळवावा लागतो. आणि ज्यांचा संचालक म्हणून मिळालेला क्रमांक आधीच बंद पडलेला आहे, त्यांना 2028 ची वाट पाहून काहीच मिळणार नाही. तो आधी चालू करून घ्यावा लागेल, आणि त्याला पाच हजार रुपये शुल्क पडतं. वेळेत केलेली केवायसी मात्र फुकट होते.

हा क्रमांक म्हणजे डीआयएन, संचालक ओळख क्रमांक. तो माणसाला मिळतो, कंपनीला नाही, आणि तो आयुष्यभराचा असतो. हे नीट समजलं की अर्धे गैरसमज आपोआप गळतात. "मी तर नावापुरता आहे, मला मानधनही नाही", "मी मागच्याच वर्षी राजीनामा दिला", "आमची कंपनी कधीच बंद पडली", ही तिन्ही उत्तरं केवायसीपुढे टिकत नाहीत. 31 मार्चला ज्याच्या नावावर डीआयएन आहे, त्याला केवायसी आहे. पगार किती आणि खुर्ची कोणती, हे कोणी विचारत नाही.

याउलट ज्यांना काहीच करायचं नाही, तेही उगाच घाबरलेले दिसतात. प्राथमिक कृषी पतसंस्थेचे, दूध संघाचे किंवा कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थेचे संचालक सहकार कायद्याखाली येतात. त्यांना डीआयएन लागत नाही, मग केवायसीही नाही. दोन्हीकडे संचालक असलेल्या माणसाने फक्त कंपनीपुरतं पाहायचं.

"बँकेत केवायसी झाली, पीएम किसानची ई-केवायसीही झाली, आता आणखी कसली?" हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. एकाच आधार कार्डाची छायाप्रत किती ठिकाणी द्यायची? पण बँकेची नोंद बँकेकडे, कृषी खात्याची कृषी खात्याकडे आणि डीआयएनची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे राहते. एका ठिकाणची केवायसी दुसऱ्या ठिकाणी धरली जात नाही.

आता जिथे खरी अडचण होते तिथे येऊ. समजा, अक्कलकोट तालुक्यात माहेर असलेली एक बाई लग्न होऊन मादन हिप्परग्यात आली आणि बचत गटातून उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर गेली. तिचं आधार माहेरी असताना काढलेलं, मराठी आणि इंग्रजीत. पत्ता बदलून घेतला तेव्हा ते कन्नड आणि इंग्रजीत आलं, आणि नावापुढे नवऱ्याचं नाव लागलं. पॅन कार्ड मात्र लग्नाआधीचंच. पहाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यावर, कन्नडमध्ये लिहिलेलं नाव इंग्रजीत आणताना एखादं अक्षर वाढलं. बाई एक, नावं तीन. डीआयएनचा अर्ज हे सगळं पॅनच्या नोंदीशी ताडून पाहतो. भारतीय नागरिकाला तिथे पॅन सक्तीचं आहे, आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव पॅनप्रमाणेच लागतं. वडिलांच्या जागी वडिलांचंच नाव, लग्न झालेल्या बाईचंही. अनेक ठिकाणी हौसेने किंवा सवयीने नवऱ्याचं नाव घातलं जातं आणि अर्ज तिथेच अडकतो. कर्नाटकातून महाराष्ट्रात किंवा इकडून तिकडे लग्न होऊन गेलेल्या अनेकींच्या कागदांत हा घोळ असतो. त्यामुळे संचालक व्हायच्या आधी पॅन आणि आधार समोरासमोर ठेवून एकेक अक्षर वाचावं आणि दुरुस्ती पॅनपासून सुरू करावी. शेवटच्या आठवड्यात ही दुरुस्ती होत नाही.

नाव जुळत नाही म्हणून "जुना राहू दे, नवा डीआयएन काढू" असा सल्ला देणारे भेटतात. तो अजिबात ऐकू नये. कंपनी कायद्याच्या कलम 155 प्रमाणे एका माणसाला एकच डीआयएन ठेवता येतो. ही तरतूद मोडली तर कलम 159 खाली पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि चूक चालू राहिली तर पुढे दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत भर पडते.

"डीआयएन बंद झाला म्हणजे मी अपात्र ठरलो" हा गैरसमज लोकांची झोप उडवतो. केवायसी राहिली तर डीआयएन निष्क्रिय होतो. केवायसी भरून आणि शुल्क देऊन तो पुन्हा चालू होतो. अपात्रता ही वेगळी आणि फार जड गोष्ट आहे. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर कलम 164 प्रमाणे तिचे संचालक पाच वर्षं त्या कंपनीत पुन्हा किंवा दुसऱ्या कोणत्याही कंपनीत नेमले जाऊ शकत नाहीत. 2017 मध्ये याच कलमाखाली देशभरात तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले होते. त्याच वर्षी दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्या नोंदीतून काढल्या गेल्या, आणि कागदोपत्री संचालकांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्याच वर्षी केवायसी सुरू झाली.

दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकीतून दुसरी कशी उगवते, ते पाहण्यासारखं आहे. सह्या करणाऱ्या संचालकाचा डीआयएन निष्क्रिय असला की त्याच्या सहीने ताळेबंद आणि वार्षिक विवरण पोर्टलवर चढत नाही. मग प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क चढू लागतं. तूर विकून जेमतेम तगलेल्या कंपनीला वर्षभराचं हे शुल्क झेपत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचंही राहतं. तिसरं वर्ष उलटलं की ज्यांनी आपली केवायसी चोख केली होती, तेही सगळे कलम 164 मध्ये अडकतात. एका माणसाच्या दुर्लक्षाची किंमत पाच-पंधरा घरांना मोजावी लागते. म्हणून मंडळाच्या बैठकीत प्रत्येकाच्या डीआयएनची स्थिती वाचून दाखवण्याचा विषय ठेवावा, असं मी आग्रहाने म्हणेन. मंत्रालयाच्या पोर्टलवर ती फुकट दिसते.

"कंपनी कर्नाटकात नोंदलेली, मग सीए बेंगळुरूचाच लागतो" हेही खरं नाही. कंपनी निबंधक बेंगळुरूला आहेत, पण पोर्टल देशभराचं एकच आहे. सोलापूरचा सीए किंवा कंपनी सेक्रेटरी हे काम करू शकतो, आणि मराठीत समजावून सांगतो हा मोठा फायदा.

मात्र सीएकडे काम द्यावं, ओळख देऊ नये. "सगळं सीए बघतो" म्हणत लोक आपल्या खात्यावर सीएच्या कार्यालयाचा मोबाइल आणि ईमेल टाकून मोकळे होतात आणि डिजिटल सहीचं टोकन त्याच्याच ड्रॉवरमध्ये सोडून येतात. मग ओटीपी तिकडेच जातो, आणि आपल्या नावाने काय भरलं हे आपल्याला कळतच नाही. डिजिटल सहीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याने सही ज्याची त्याच्यावरच टाकली आहे. आळंदच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. 2023 च्या विधानसभा निवडणुकीआधी याच मतदारसंघात मतदारांची नावं वगळण्यासाठी 6018 ऑनलाइन अर्ज आले, आणि पडताळणीत त्यांतले फक्त 24 खरे निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज झाले, त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

मुलगा इंग्लंडला असेल आणि त्याने तिथे कंपनी काढून गावाकडच्या वडिलांना संचालक केलं असेल, तर तिथला नियम वेगळा. ब्रिटनने 18 नोव्हेंबर 2025 पासून संचालकांची ओळख-पडताळणी सक्तीची केली आहे, आणि देशाबाहेर राहणाऱ्यांनाही ती लागू आहे. पडताळणी झाली की अकरा अक्षर-अंकांचा वैयक्तिक कोड मिळतो. आपली डीआयएनची केवायसी तिथे चालत नाही आणि तिथला कोड इथे चालत नाही.

शेवटचा मुद्दा रिचार्जचा. डीआयएनला जोडलेला नंबर बऱ्याचदा घरातल्या जुन्या फोनचा असतो. रिचार्ज थांबला की नंबर बंद होतो, आणि नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. तीन वर्षांच्या अंतराने हे सहज घडू शकतं. तो नंबर चालू ठेवा, नाहीतर बदलल्याचं तीस दिवसांत कळवा.