पाहुण्याने घरची रीत पाळावी

अमरावतीचा माणूस अकोल्यास पाहुणा गेला, तर पोशाख आपलाच ठेवतो. चपला मात्र यजमान काढतो तिथेच काढतो. संगणकावरील प्रोग्राम हाही पाहुणाच होय. विंडोजवर ‘ओके’ आधी आणि ‘रद्द’ नंतर येते. मॅकवर होकाराचे बटण उजव्या टोकाला असते. सरावलेला हात अक्षरे वाचीत नाही, जागा ओळखतो. प्रोग्रामने जागाच उलटविली, तर लग्नपत्रिका जुळविणाऱ्याची तासाभराची मेहनत एका दाबाने पुसली जाते. दोन्ही यंत्रांवर एकच प्रोग्राम वापरणाऱ्यास सारखे रूप सोयीचे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु असे थोडे. म्हणून आम्ही म्हणतो, रंगरूप प्रोग्रामचे असो. बटणांची जागा घरचीच असावी.